काळ्यात या

नातवंडांनो, परवा थोरली फोनवर म्हणाली, तुम्ही राहता तिकडच्या रानातल्या आगी विझवणाऱ्या तुकडीत ती जाणार आहे. मागून धाकट्याचा आवाज आला, "आजी, तिला नाही म्हण." मी म्हटलं, पत्र पाठवते. फोनवर सांगून ते उरकलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

सत्तरीच्या दशकात, मोठा दुष्काळ सरल्यावर, आम्ही राणीसावरगावच्या बाजूला डोंगराखाली राहत होतो. डोंगरावरच्या गवतावर गावची जनावरं पावसाळ्यापर्यंत जगायची. ते पेटलं की गडी कडुलिंबाचे डहाळे घेऊन धावायचे, आणि राहिलेलं गवत वाचवायला थेट आगीच्या वर चढायचे. सगळ्यांत पुढे माझे धाकटे दीर. आदल्या उन्हाळ्यात त्यांचा मित्र असाच वर अडकला आणि गेला. तरी भावजींची रीत तीच. पुढची पाळी त्यांची, ही धास्ती माझ्या मनातून जाईना.

माझा भाऊ परभणीला एका वाचनालयात नोकरीला होता. रानातली आग विझवताना माणसं का भाजतात, यावरची एक इंग्रजी पुस्तिका त्यानं मला आणून दिली. मी ती दोनदा वाचली. मग सासऱ्यांना सांगून गड्यांना आमच्या अंगणात बोलावलं.

"वैनी, वणव्याला इंग्रजी येतं का?" भावजींनी विचारलं. सगळे हसले. मीही हसले आणि चुलीजवळची काड्यापेटी आणली.

एक काडी पेटवून गूल वर धरलं. ज्योत रेंगाळली. दुसरी पेटवून गूल खाली केलं, तर ज्योत सरसर चढून माझ्या बोटांना लागली.

"हा आपला डोंगर," मी म्हटलं. "आग वर चढताना तुमच्यापेक्षा जोरात पळते. तिच्या वर जायचं नाही. जळून गेलेल्या बाजूनं झोडपत जायचं, आणि वारं फिरलं की त्याच काळ्या जमिनीत शिरायचं. तिथं जळायला काही उरलेलं नसतं."

"म्हंजे आगीकडंच पळायचं?"

"आग होऊन गेली तिकडे. आणि भावजी, टेरिलिनचा शर्ट घालून जायचं नाही. तो वितळून अंगाला चिकटतो."

"बाकी समदं ऐकतो. शर्टाचं तेवढं अवघड हाय."

चैत्रात भर दुपारी डोंगर पेटला. भावजी जुनी सुती बंडी घालून निघाले, तेव्हा मला धीर आला. मी आणि माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, घागरी घेऊन पायथ्याशी थांबलो. गडी जळालेल्या कडेनं झोडपत होते. एकाएकी वारं फिरलं. धूर खाली आला आणि कोणीच दिसेना. जावेनं माझा हात घट्ट धरला.

धुरातून भावजींचा आवाज आला. "काळ्यात या रे! समदे काळ्यात या!"

जाळ बाजूनं वर निघून गेला. धूर विरला, तेव्हा सगळे गडी राखेत उभे होते, काळेठिक्कर, आणि खोकत होते. दम घेऊन ते पुन्हा कडेला भिडले. निम्मं गवत वाचलं.

भावजी खाली आले ते भुवयांशिवाय. "वैनी, पुस्तक लिवणाऱ्याच्या बी भुवया गेल्या असतील. न्हाईतर येवढं कळत न्हाई."

जावेनं त्यांच्या डोक्यावर अख्खी घागर ओतली आणि मग ती रडली.

पुढच्या उन्हाळ्यात भावजी बाजारात काड्यापेटी घेऊन उभे राहायचे आणि पुस्तक स्वतः लिहिल्यासारखे आसपासच्या गावांतल्या लोकांना समजावायचे. मी कोथिंबीर निवडत ऐकायची. इतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता.

तेव्हा थोरलीला माझी ना नाही. तिनं आधी धाकट्याला काडी दाखवावी.

पुस्तिका वाळवीनं खाल्ली. भावजीही आता नाहीत. डोंगर पेटला की गावातले गडी अजून "काळ्यात या" असंच ओरडतात.