हळदीचं बोट

शेवंतीवहिनी चर्चमध्ये पहिल्यांदा गेली ती भांडायला. हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढे लोक तिला 'चर्चमधली बाई' म्हणून ओळखायला लागले, आणि तिला कुणीतरी गोड बोलून तिकडे ओढून नेलं असं आमच्या चाळीत पसरलं. तसलं काही नाही. ती स्वतःच्या पायांनी गेली, पदर खोचून गेली, आणि मी तिच्या मागे धावत होते.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. आम्ही विक्रोळीला एका चाळीत राहायचो, भिंतीला भिंत लावून. वहिनीचा नवरा लवू घाडी वीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. ब्याऐंशीला संप झाला आणि त्यात त्याची नोकरी गेली ती गेलीच. लालबागची खोली सोडून दोघं इकडे आली. लवूदादा एका गोदामात ओझी उचलायला लागला, वहिनी पायमशीनवर ब्लाउज शिवायला लागली. मूलबाळ नव्हतं. मी, क्षमा, सरकारी कचेरीत टायपिस्ट, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि तोंडाची फटकळ. वहिनी माझ्यापेक्षा फटकळ. त्यामुळे आमचं जमलं.

तर एका रविवारी सकाळी खंडू नावाचा हातगाडीवाला चाळीच्या नळावर पाणी प्यायला आला. हायवेच्या पुलाखाली जी दहावीस बेघर माणसं झोपायची त्यांतला हा एक. अंगावर शर्ट होता, त्याला सगळं मिळून एक बटण. पँट कमरेला सुतळीने बांधलेली. वहिनीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कुणी दिलं रे तुला?"

"चर्चमधून. दर रविवारी वाटतात."

"आणि बटणं?"

"बटणं नव्हती त्याला," खंडू म्हणाला. जसं काही शर्टाला बटणं असणं ही चैनच.

वहिनी तडक निघाली. स्टेशनच्या वाटेवरचं ते छोटं चर्च, त्याच्या मागे एक खोली. खोलीत एक मोठं कपाट, आणि कपाटात मावेना म्हणून जमिनीवर कपड्यांचा ढीग. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपली होती. माणसं ढिगात हात घालून जे येईल ते ओढत होती. एका म्हाताऱ्याच्या हातात बायकी स्वेटर आला होता आणि तो बिचारा तो उलटसुलट करून बघत होता. बाजूला फादर रेमंड उभे. वसईचे, उंच, हडकुळे, आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे.

"फादर, हे दान करता की घरातला कचरा काढता?" वहिनीने दारातूनच तोफ डागली.

फादर दचकले. "बाई, लोक जे आणून देतात ते आम्ही वाटतो."

"लोकांनी फाटकं दिलं, तुम्ही फाटकं पुढे ढकललंत. मधे कुणाला हात आहेत की नाहीत?"

फादरनी खरोखरच आपल्या हातांकडे पाहिलं. "मला शिवता येत नाही," ते म्हणाले.

"मला येतं," वहिनी म्हणाली, आणि तिथेच फसली.

पुढच्या रविवारपासून ती खोली तिची झाली. मला विचारलंसुद्धा नाही, "चल गं" म्हणून बरोबर घेतलं. ढीग गेला. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि कपडे टांगले. धुतल्याशिवाय कपडा जाणार नाही, बटणाशिवाय शर्ट जाणार नाही, पँटची चेन बसलीच पाहिजे. माणसाने स्वतः निवडायचं, अंगाला लावून बघायचं. फादरनी आपल्या खोलीतला आरसा आणून भिंतीवर टांगला. त्या आरशात पहिल्या दिवशी एकेक जण असा चोरून बघायचा की मला हसू यायचं.

आणि शेवटची एक गोष्ट वहिनी करायची. करंडा सोबत आणायची आणि तयार झालेल्या प्रत्येक कपड्याला, आतल्या शिवणीवर, हळदीचं आणि कुंकवाचं बोट लावायची. आपल्याकडे नवा कपडा हळदकुंकू लावल्याशिवाय अंगावर घालत नाहीत, तेच.

"अगं पण हे जुने कपडे," मी म्हटलं.

"घालणाऱ्याला नवेच ना? मग?"

"मग आत कशाला लपवतेस?"

"चर्च आहे बाई. उगाच फादरना कुणी बोल लावायला नको."

फादरनी ते एकदा पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हळदीचा डाग जात नाही बरं का, शेवंतीबाई."

घरी मात्र कटकट होती. लवूदादाला ते काम आवडायचं नाही. चर्चचं त्याला वावडं नव्हतं. कपड्यांचं होतं. संपापासून त्याने नवा शर्ट घेतला नव्हता. दोनच होते, वहिनीने रफू करकरून चालवलेले. वहिनीने एकदा चुकून म्हटलं, "तुमच्या मापाचा एक बरा शर्ट इलो हा, घराक हाडू?" तर ताट सरकवून उठला. "वीस वर्सां कापड विणलंय मी. आता दुसऱ्याच्या आंगावरचा घालू?" चार दिवस तिच्याशी बोलला नाही. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पण ती घरी शिवायला आणलेले कपडे तो येता-जाता दोन बोटांत धरून चोळायचा. हे पॉपलीन, हे केंब्रिक, ह्याचा ताणा कच्चा, असं पुटपुटायचा आणि सोडून द्यायचा.

आठ-नऊ महिने सगळं झकास चाललं. मग खंडूला ताप आला.

साधा हिवताप. पण ताप आला तो नवा शर्ट अंगावर चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी. घामाने शर्ट काढून उलटा वाळत टाकला, तर आत शिवणीवर पिवळं-लाल बोट. शेजारच्याने आपला शर्ट उलटून पाहिला, त्यातही तेच. पुलाखाली हां हां म्हणता बातमी फिरली, की हे कपडे म्हणजे उतारा आहे. बंगल्यातल्या आजारी माणसावरून ओवाळून काढलेले. लिंबू आणि भात तिठ्यावर ठेवायचा तसे हे चर्चमध्ये ठेवतात, आणि उचलणाऱ्याला पीडा लागते. नाहीतर हळदकुंकू लपवून कोण लावेल?

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका रविवारी दोघे आले. पुढच्या रविवारी कुणीच नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो तर फाटकाशी कपड्यांची चळत ठेवलेली. परत केलेले. धुऊन, घड्या घालून.

त्या घड्या बघून वहिनी फाटकातच खाली बसली. तिला मी कधी तशी बसलेली पाहिली नव्हती. गिरणी गेली, लालबाग सुटलं, तेव्हाही ती कंबर कसून उभी होती. "क्षमा," ती म्हणाली, "माझ्या हातचं कुणाला नको झालं गं."

फादरनी चौकशी करून उताऱ्याची हकिगत सांगितली. आणि दुसरंही सांगितलं, जे सांगताना ते स्वतःच ओशाळले होते. चर्चच्या कमिटीला त्या खोलीत टायपिंगचा क्लास काढायचा होता. खोली वापरात होती तोवर कुणी बोललं नाही. आता तीन आठवडे बघून कमिटीने ठरवलं होतं, येत्या रविवारी कुणी आलं नाही तर सोमवारी दोऱ्या काढायच्या. मी स्वतः टायपिस्ट, पण त्या क्लासवर माझ्याइतकं कुणी चिडलं नसेल.

"हळदकुंकू बंद कर," मी म्हटलं. "सोपं आहे."

वहिनीने चळतीतला वरचा शर्ट उलटून आतलं बोट पाहिलं. मग म्हणाली, "लावलं ही चूक नाही. लपवून लावलं ही चूक. शुभ काम कुणी चोरून करतं का? मी त्यांच्या जागी असते तर मलाही तेच वाटलं असतं."

शनिवारी दुपारी ती करंडा घेऊन पुलाखाली गेली. मी अर्थातच मागे. तिने सगळ्यांदेखत करंडा उघडला आणि काय लावते, कशाला लावते ते सांगितलं. माणसं ऐकत होती, पण जवळ कुणी येत नव्हतं. खंडू तर पांघरुणातून बाहेरच आला नाही. शेवटी काशीराम उठला. हा त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर, मालवणकडचा, एकेकाळी बंदरावर काम केलेला. त्याचा शब्द तिथे चालायचा.

"बाय," तो म्हणाला, "इतका बरा आसा तर तुझ्या घोवाक घाल."

नवऱ्याला घाल म्हणे! मला वहिनीकडे बघवेना. कारण मला लवूदादाच्या अबोल्याचे ते चार दिवस आठवत होते.

वहिनीचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने करंडा बंद केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझो घोव घालतलो. उद्या आयतवारी येवा नि बघा."

परतताना मी म्हटलं, "वहिनी, वाट लागली. दादा घालणार आहे का?"

"माहीत नाय," ती म्हणाली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. आमच्या चाळीत भिंती नावालाच. तिने लपवाछपवी केली नाही, सरळ सांगितलं. लवूदादाचा आवाज चढला. "माका इचारलंस? इचारल्याशिवाय शब्द दिलंस?" ती म्हणाली, "दिलंय. तुमका नको तर मी एकटी जाऊन सांगतंय, माझो घोव नाय म्हणता. खोटा बोलूचंय नाय." मग दिवा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

रविवारी सकाळी वहिनी एकटीच बाहेर आली. डोळे सुजलेले. पिशवीत करंडा आणि एक पांढरा शर्ट, आदल्या रविवारी परत आलेल्या चळतीतला. मी तिच्या पाठोपाठ निघाले.

चर्चच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, माणसं उभी होती. काशीराम पुढे, बाकीचे मागे, खंडूही घोंगडी गुंडाळून. आत यायला कुणी तयार नव्हतं. मिस्सा संपली, लोक बाहेर पडले, तेही रेंगाळले. कमिटीचे दोघे व्हरांड्यात हात बांधून उभे. फादर खोलीच्या दारात. वहिनी शर्ट हातात धरून उभी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काशीरामने मान हलवली आणि तो वळला.

"काशीरामनू, थांबा," वहिनी म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. आता ती सांगणार होती, माझा नवरा नाही म्हणतो. मी खाली बघायला लागले. ते मला बघवलं नसतं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हा कोण?"

रस्त्याच्या मधून लवूदादा येत होता. आंघोळ केलेला, डोक्याला तेल, भांग पाडलेला, आणि अंगात नुसतं बनियन. चाळीपासून चर्चपर्यंत भर रविवारी तो तसा चालत आला होता. हा तोच माणूस, जो इस्त्री केल्याशिवाय नळावरसुद्धा जात नसे. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. वहिनीसमोर येऊन उभा राहिला आणि तिच्या हातातल्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चोळली.

"ह्या आमच्या खात्यातला कापड," तो म्हणाला. "मी सांगतंय."

आता ते त्याच्या गिरणीचं होतं की नव्हतं, देव जाणे. धुऊन धुऊन त्या कापडाला काही ओळख उरली नव्हती. पण तो इतक्या ठामपणे म्हणाला की कुणाची बोलायची टाप नव्हती.

"लाव बोट," तो म्हणाला. "भायर लाव. सगळ्यांका दिसांदे."

वहिनीने करंडा उघडला. हळदीत बोट बुडवलं, कॉलरवर टेकवलं. मग कुंकू. लवूदादाने शर्ट घातला, खालून वरपर्यंत एकेक बटण लावलं, सगळी होती, आणि रस्त्याच्या पलीकडे तोंड करून उभा राहिला. बाह्या चार बोटं आखूड होत्या. पण छाती अशी काढली होती, की जणू मिलच्या फाटकावर पहिल्या दिवशी उभा असावा.

काशीराम रस्ता ओलांडून आला. त्याने ती कॉलर अगदी जवळून पाहिली. मग लवूदादाचं तोंड पाहिलं.

"खयचो गाव?"

"कणकवलेकडचो."

"हां," काशीराम म्हणाला, आणि वहिनीकडे वळला. "आता माका लाव."

मग कोण थांबतंय! सगळा पूल रस्ता ओलांडून आत आला. दोऱ्या भराभर रिकाम्या व्हायला लागल्या. मी कपडे काढून देत होते, वहिनी बोटं लावत होती, आणि माणसं कॉलर पुढे करून रांगेत उभी होती. फादरनीही आपल्या पांढऱ्या झग्याची कड पुढे केली. "नवाच आहे," ते म्हणाले, "राहून गेलं होतं." वहिनीने त्यांनाही बोट लावलं, आणि तो डाग त्यांची बदली होईपर्यंत आम्ही त्या झग्यावर पाहिला. व्हरांड्यातले दोघे कमिटीवाले केव्हा गेले ते कळलंच नाही. टायपिंगचा क्लास पुढे त्याच व्हरांड्यात भरला, आणि रविवारी मीच तो शिकवायला लागले. म्हटलं, राग किती दिवस धरायचा.

सगळ्यात शेवटी खंडू आला. घोंगडीतून त्याने तोच शर्ट काढला, जो तापात उलटा वाळत घातला होता. आतलं जुनं बोट फिकट झालं होतं.

"ह्याला बाहेरून लावा ना," तो म्हणाला. वहिनीने लावलं. लावता लावता ती रडत होती आणि त्याला दरडावत होती, की ताप आला तर दवाखान्यात जायचं, शर्टाला कसला दोष देतोस मेल्या.

घरी परतताना आम्ही तिघं बरोबर होतो. लवूदादा पुढे, आम्ही मागे. चाळीच्या तोंडाशी वहिनीची नजर त्याच्या बाहीवर गेली.

"बाही आखूड झाली हा," ती म्हणाली. "घरी गेल्यार काढून देवा. उसवून लांब करतंय."

लवूदादाने कॉलरला हात लावला, हळद पुसू नये म्हणून अगदी हलकेच.

"फाल्या कर," तो म्हणाला. "आज ऱ्हवांदे आंगार."