येतो म्हणायचं नाही

थंडी पडली की माझ्या फोनवर आरोग्य विम्याचा मेसेज येतो: ‘प्रिय सदस्य, कोमट पाणी प्या, सकाळी मोकळ्या हवेत फिरा.’ तो वाचला की मुलुंडच्या त्या हॉस्पिटलमधला फिनेलचा वास नाकात शिरतो. बाबांचा दमा आटोक्यात आला होता आणि डॉक्टरांनी सकाळीच घरी जायला सांगितलं होतं. कानटोपी घालून बाबा दारात उभे राहिले आणि सवयीने सिस्टरला मालवणीत म्हणाले, “येतंय हां!” ती हसली. “काका, इथून निघताना येतो नाही म्हणायचं, जातो म्हणा.” तेवढ्यात खालून निरोप आला, विम्याची मंजुरी येईपर्यंत पेशंटला सोडता येणार नाही. बाबा परत पलंगावर बसले. एसी गारठवत होता, खिडकी उघडायची सोयच नव्हती आणि काचेपलीकडे डोंगरावर छान ऊन पडलं होतं. जेवण आलं, चहा आला, मी खाली जाऊन भांडून आलो, पण मंजुरी काही येईना. “मी बरो झालंय मां? मगे माका कोंडून कित्याक ठेवल्यानी?” असं विचारता विचारता बाबांना पुन्हा खोकला लागला. दिवेलागणीला एकदाची मंजुरी आली, तेव्हा ते सिस्टरकडे न बघताच पुटपुटले, “जातंय.” पुढे खरंच गेले, तेव्हा काहीच म्हणाले नाहीत. त्यांच्याच विम्याचा मेसेज मात्र अजून ‘प्रिय सदस्य’ म्हणत येतो.