बनूबाईंची आगाऊ साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत नवीन माणूस आला की पाळकसाहेबांचं नाव लक्षात ठेवायला त्याला महिनाभर लागतो. बनूबाई खंडागळेंचं नाव मात्र पहिल्याच जेवणात पाठ होतं. लग्न असो, बाप्तिस्मा असो, नाताळ असो, की दफनविधीनंतरचा साधा वरणभात, चुलीपाशी त्याच उभ्या. आणि हे नुसतं आमच्या अंबरनाथच्या मंडळीपुरतं नाही. बदलापूर गावातल्या हळदींना त्यांच्या मटणाची मागणी असते, कुळगावच्या साखरपुड्यांना मसालेभाताची. मी मंडळीत पेटी वाजवतो, त्यामुळे गाणी संपली की जेवणाच्या रांगेत माझा नंबर शेवटचा लागतो. तरी बनूबाईंनी माझ्यासाठी वाटीभर रस्सा झाकून ठेवलेला असतो.

बाईंचं वय अठ्ठावन्न, उंची बेताची, आवाज मोठा. माहेर-सासर दोन्ही नगरकडचं, पण लग्न होऊन अंबरनाथला आल्या त्याला छत्तीस वर्षं झाली. यजमान महिपती कारखान्यातून निवृत्त झालेत. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतात, पण त्यातलं एखादं असं असतं की ऐकणाऱ्याला चहाचा ठसका लागतो.

बनूबाईंची दौलत म्हणजे चौदा टोप. एकेक करत एकोणीस वर्षांत जमवलेले. दोन पितळेचे, कल्हईचे, बाकीचे जाड ॲल्युमिनियमचे. सगळ्यात मोठा असा की घासायचा झाला तर महिपतींना आत उतरावं लागे. प्रत्येकावर बाईंचं नाव घातलेलं, आणि खाली त्यात पहिल्यांदा काय शिजलं तेही. घराला लागून पत्र्याची खोली आहे, तिथे ते रांगेत पालथे घातलेले असायचे.

मागच्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी उपासना चालू असताना हे चौदाच्या चौदा टोप गेले. कसे गेले ते ऐकण्यासारखं आहे. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत टेम्पो येऊन उभा राहिला. दोन माणसं उतरली, शेजारच्या वैष्णवीचं दार वाजवलं आणि म्हणाली, "मावशींनी टोप मागवलेत. चर्चमध्ये अचानक जेवण ठरलंय." वैष्णवीकडे त्या खोलीची जादा किल्ली असते. तिने दिली. एवढंच नाही, टोप जड आहेत म्हणून नवऱ्याला हात लावायला सांगितलं, आणि ऊन झालंय म्हणून दोघांना सरबत दिलं. मोठा टोप दारातून तिरका करून कसा काढायचा, तेही तिनेच दाखवलं.

साडेअकराला बनूबाई घरी आल्या तर वैष्णवी हसत विचारते, "मावशी, आज काय बेत होता?"

पुढचा तास गल्लीत कुणालाच काही सुचत नव्हतं. वैष्णवी पायरीवर बसून रडत होती. बनूबाई रिकाम्या खोलीत उभ्या होत्या. फरशीवर टोपांचे गोल डाग तेवढे उरले होते. शेवटी महिपती म्हणाले, "निदान खोली झाडायला सोपी झाली." पहिल्यांदाच त्यांच्या वाक्यावर कुणी हसलं नाही, आणि ते चप्पल घालून तक्रार द्यायला निघाले.

पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली. टेम्पोचा नंबर कुणीच पाहिला नव्हता. वैष्णवीने टोपांचे जुने फोटो शोधून सगळ्या ग्रुपवर टाकले. आठवडा गेला, काही हाती लागलं नाही. लोक भेटायला येत, आणि त्यातला एखादा हळूच म्हणे, "तुम्ही देवाच्या घरी, आणि चोर तुमच्या घरी. असं कसं हो?" बनूबाई त्याला चहा देत. त्या आठवड्यात त्यांनी एकही वेळ धड स्वयंपाक केला नाही, हे मला महिपतींनी नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी पाळक राजेंद्र यांनी दाविदाची गोष्ट सांगितली. दावीद आणि त्याची माणसं बाहेर असताना लुटारूंनी त्यांचं गाव जाळलं, बायकामुलांसकट सगळं नेलं. दावीद रडायची ताकद संपेपर्यंत रडला, मग उठून देवाला विचारलं आणि पाठलागाला निघाला. वाटेत एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, माणूस उपाशी पडलेला सापडला. त्याला भाकरी, अंजीर, पाणी दिलं. त्याच्या जिवात जीव आला आणि त्यानेच लुटारूंचा ठिकाणा दाखवला. दाविदाने सगळं परत आणलं.

उपदेश संपतो न संपतो तोच बनूबाई उठल्या. "पाळकसाहेब, सगळं म्हणजे सगळं?"

"शास्त्रात तसंच आहे, बाई. काहीही कमी पडलं नाही."

"मग मला साक्ष द्यायचीय."

आमच्याकडे प्रार्थनेचं उत्तर मिळालं की माणूस पुढे येऊन साक्ष देतो. उत्तर मिळायच्या आधी साक्ष द्यायला आजवर कुणी उठलं नव्हतं. बनूबाई पुढे आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माझे चौदाच्या चौदा टोप प्रभूने परत दिलेले आहेत. फक्त ते अजून घरी पोचायचेत."

सगळ्यांनी आमेन म्हटलं, पण जरा दबक्या आवाजात. मी पेटीचा भाता धरून नुसता बसलो होतो. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की आता हे निभवायचं कसं.

बनूबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवसापासून काम सुरू केलं. दाविदाला मिसरी माणूस भेटला होता. तसा आपल्यालाही भेटणार, फक्त तो कोण ते ठाऊक नाही, तेव्हा येईल त्याला जेवायला घालायचं. सिलेंडरवाला, झाडूवाल्या ताई, मीटर बघायला आलेला माणूस, चादरी विकणारा, पत्ता विचारणारा, सगळ्यांना पायरीवर बसवून भाकरी आणि भाजी. खाऊन झालं की बाई आशेने विचारत, "टोपांबद्दल काही ऐकलंस का रे?" चादरीवाला दोनदा जेवला आणि म्हणाला, "टोपांचं नाही ऐकलं मावशी, पण कुकर पाहिजे तर सांगा."

महिपती रोज दुपारी विचारत, "आजचा मिसरी कोण?"

पण घरातला स्वयंपाक पुन्हा सुरू झाला होता. वैष्णवीही रोज येऊन भाकऱ्या थापू लागली. तिला तोंड दाखवायची लाज वाटायची, आणि पीठ मळताना मान खाली घालता येते. बनूबाईंनी तिला एकदाच सांगितलं, "अगं, मला कुणी येऊन विचारलं असतं तर मीपण किल्ली दिली असती." ती म्हणाली, "पण सरबत?" बाई म्हणाल्या, "सरबत तर दिलंच असतं."

चौथ्या आठवड्यात राजू नावाचा एक माणूस पत्ता विचारत आला. वय पस्तीसच्या आसपास, कुळगावचा. जेवला आणि गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला, तोच पत्ता पुन्हा विचारला, पुन्हा जेवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा पहिला घास हातात घेऊन नुसता बसून राहिला.

"तिखट झालंय का?" बनूबाईंनी विचारलं.

"नाय मावशी." त्याने घास ताटात ठेवला. "तुमचे टोप माझ्याच टेम्पोतून गेले."

वैष्णवीच्या हातातली भाकरी तव्याऐवजी ओट्यावर पडली. तिने आता त्याला नीट पाहिलं. त्या दिवशी टेम्पोत स्टिअरिंगवर बसून राहिलेला, खाली न उतरलेला माणूस हाच. बनूबाईंनी ताट पुन्हा त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "आधी जेव. मग सांग. तिथेही आधी जेवायलाच दिलं होतं."

राजूला यातलं काही कळलं नाही, पण तो जेवला. आणि मग त्याने सांगितलं. त्या दोघांनी त्याला स्टँडवरून भाड्याने घेतलं होतं. त्यालाही चर्चचं जेवण असंच सांगितलेलं. टेम्पो चर्चकडे न वळवता शहाडकडे न्यायला लावला तेव्हा त्याला जरा शंका आली, पण त्याला वाटलं, शहाडलाही चर्च असेल. तिथे एका गोडाऊनमध्ये माल उतरवला, त्याला "पुढच्या बाजूला ये, भाडं देतो" म्हणाले आणि मागून शटर पाडून पसार झाले. दोन तास बिचारा उन्हात थांबला. चार दिवसांनी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टोपांचा फोटो आला तेव्हा त्याला कळलं की आपण काय वाहून नेलं.

"पोलिसांकडे गेलो तर मलाच आत टाकतील असं वाटलं. गाडी जाईल. घरी तेजल, म्हणजे बायको, ती बोलली, निदान मावशींना तरी जाऊन सांग. दोनदा आलो, पण तुम्ही ताट पुढं केलं की बोलताच येईना."

महिपती आतून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "चल. तू आपणहून आलास, हे मी सांगतो त्यांना."

राजूला पोलिसांनी साक्षीदार केलं. त्याने गोडाऊन दाखवलं, दोनपैकी एक माणूस आठवड्यात सापडला. एका लग्नात तो वाढप्या म्हणून आला होता आणि बाईंचे टोप त्याने तिथेच हेरले होते. पण गोडाऊनमध्ये टोप होते पाच. बाकीचे नऊ तोडून भंगारात गेलेले. पितळेचे दोन्ही त्यात होते, आणि मुलाच्या, सुजितच्या लग्नाची बिर्याणी ज्यात शिजली तो मोठा टोपही.

बनूबाई टोप घेऊन घरी आल्या. पाच टोपांकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. "मला वाटलं होतं ती खूश होईल," महिपती मला म्हणाले, "पण ती नऊच मोजत होती." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चहा केला. साखरेऐवजी मीठ पडलं. दोघांनी तो तसाच प्यायला.

रविवारी बाई पुन्हा पुढे आल्या. चर्च भरलेलं होतं, कारण पाच टोप सापडल्याची बातमी सगळीकडे पोचली होती आणि लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत होते.

"माझी साक्ष मला दुरुस्त करायचीय," बनूबाई म्हणाल्या. "मी चौदा म्हटलं होतं. पाच आलेत. नऊ येणार नाहीत, ते वितळले. मी प्रभूवर रागावलेय, हेही सांगते, कारण इथे खोटं बोलून काय उपयोग. घरी त्याला रोज सांगतेच आहे. पण राजू तीनदा माझ्या दारात आला, तो काही माझ्या हुशारीने आला नाही. तेवढं मला दिसतं. बाकीचं दिसेल तेव्हा सांगेन."

आणि जाऊन जागेवर बसल्या. या वेळचं आमेन मात्र दबकं नव्हतं.

उपासनेनंतर पाळकसाहेब त्यांच्याजवळ आले. "बाई, त्या दिवशी मी एक सांगायला हवं होतं. माणसं परत आली, सामान आलं, पण दाविदाचं गाव जळालेलंच होतं. परत जाऊन त्यांना घरं नव्याने बांधावी लागली असतील."

बनूबाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "पाळकसाहेब, हे त्याच रविवारी सांगायचं होतं ना."

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये बदलापूर गावात हरिचंद्रकाकांच्या नातीची, करिष्माची हळद होती. टोप जाण्याआधीच घेतलेलं काम. पाच टोपांत ते होणारं नव्हतं. उल्हासनगरला प्रीतमशेठ नावाचे एक सिंधी गृहस्थ लग्नाची भांडी भाड्याने देतात. बनूबाई त्यांच्याकडे गेल्या तर त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. "साईं, आपका फोटो मेरे पास भी आया था," ते म्हणाले, आणि मग मराठीत, "जेवढे पायजेत तेवढे घेऊन जा. परत आणताना फक्त एक डबा मटण भरून आणा." राजूने टेम्पो लावला. या वेळी कुठे जायचं ते त्याने दोनदा विचारून घेतलं.

वैष्णवीही बरोबर होती. सकाळी कांदा चिरायला म्हणून आली आणि दुपारी वाटणापाशी उभी राहिली. बनूबाईंचे गुडघे दोन वर्षं त्रास देत होते. हाताखाली कुणीतरी कायमचं हवं, म्हणून त्या प्रार्थना करत होत्या, पण नात्यातल्या मुलींना चुलीचं काम नको होतं. वैष्णवीचा हात चांगला आहे हे त्यांना त्या महिनाभराच्या भाकऱ्यांमध्येच कळलं होतं. संध्याकाळी मटण टाकायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मोठी पळी तिच्या हातात दिली आणि स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

"मावशी, मी?"

"मग मी काय खुर्चीतून ढवळू?"

आता दीड वर्ष होत आलं. खटला चालू आहे. पकडलेला माणूस जामिनावर सुटलाय आणि एकदा कोर्टात त्याने बनूबाईंना हात जोडले. "त्याला जेवायला घालायचं मला अजून जमलेलं नाही," बाई म्हणतात, "प्रार्थना चालू आहे." कामं आता दोघी मिळून घेतात, पूर्वीपेक्षा जास्त. तीन नवे टोप आलेत. दुसरा चोर सापडला नाही.

त्या हळदीच्या संध्याकाळचं मात्र मला आठवतं, कारण जेवायला मीही होतो. इतक्या वर्षांत बनूबाईंना पंगतीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं उरकल्यावर उभ्याउभ्या दोन घास खायच्या. त्या दिवशी त्या आणि महिपती शेजारी शेजारी बसले, आणि वैष्णवीने वाढलं. गरम भाकरी, गरम रस्सा. बनूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वैष्णवी पळी धरून समोर उभी होती.

महिपतींनी वाटी पुढे केली आणि म्हणाले, "अजून वाढ. ती गप्प आहे, म्हणजे चांगलं झालंय."