काटोलहून नागपूर, हिरव्या बांगड्यांसकट

नागपूरला जायचं ठरलं ते आमच्या ढोबळे सरांच्या पोत्यामुळे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी काटोलला मॅट्रिकच्या वर्गात होते आणि विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी मला आणि वर्गातल्या दोन मुलांना गुरांचे डॉक्टर करायचं मनावरच घेतलं होतं. शाळा सुटली की ते एका ओल्या पोत्यात वांगं, संत्रं, नारळ असं काहीबाही लपवायचे. आम्ही डोळे मिटून खांद्यापर्यंत हात घालायचा आणि काय लागतंय ते सांगायचं. गाय गाभण आहे का, हे आतून असंच हाताने पाहतात म्हणे. "हाताले डोळे आले पाहिजेत," सर म्हणायचे. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर नागपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात होते. त्यांनी एक दिवस यायला सांगितलं.

घरी बाबांचा नन्नाचा पाढा. "गायीच्या मागं हात घालणाऱ्या पोरीले कोण सून करून नेईन?" मी दोन दिवस रुसून बसले. शेवटी ते म्हणाले, "मी सोबत येतो. पाहतो. मंग सांगतो." त्यांचा नकार आला असता तर मॅट्रिकनंतर शिवणाचा क्लास आणि लग्न, हे पक्कं होतं.

सर, ती दोन मुलं, बाबा आणि मी, सगळ्यांनी सकाळची पॅसेंजर धरली. तुम्हीही जाणार असाल तर थंडीतच जा, आणि खिडकी सोडू नका. आता रस्ता गुळगुळीत झालाय, मोटारीने लवकर पोचाल, पण ती मजा नाही. धुक्यात संत्र्याच्या बागा होत्या, पिवळे ठिपके मधेच दिसायचे आणि विरघळून जायचे. गाडी कळमेश्वरला कितीतरी वेळ उभी राहिली. मी अर्धवट झोपेत होते आणि मला वाटत होतं की आपण कुठे पोचूच नये, असंच कुठल्या तरी बागेतून जात राहावं. पोचलं की बाबा काहीतरी ठरवणार होते ना!

स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्रीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, बाबांनी मात्र दुसरी प्लेट मागवली. तिथून रिक्षाने धंतोलीवरून गेलो. बंगल्यांवर डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या. "डॉक्टरच व्हायचं हाय तर मानसाचा काहून नाही?" बाबांनी विचारलं. सर समोरच्या रिक्षात होते म्हणून बरं, नाहीतर तिथेच त्यांचं व्याख्यान सुरू झालं असतं.

दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली लोखंडी खोड्यात एक तांबडी गाय उभी होती, संथपणे रवंथ करत. डॉक्टरांनी आमची नखं पाहिली, साबण आणि कोमट पाणी दिलं. पहिला मुलगा पांढराफटक पडून परत आला. दुसरा "गरम आहे सर" एवढंच म्हणाला. मग मी बाही वर केली. डॉक्टर हसले. "बेटा, बांगड्या काढाव्या लागतील. आत काच फुटली तर गाय जाईल."

महिन्यापूर्वीच ताईचं लग्न झालेलं, कासाराने माझेही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. सरांनी कपाळाला हात लावला. नखांपासून सगळी तयारी करून घेतली, पण पोत्याचं तोंड एवढं ऐसपैस की बांगड्यांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मोकळ्या हातानं घरी नेऊ का तुले?" बाबा हळूच म्हणाले. मी ऐकलंच नाही. साबण लावून ओढत राहिले. त्या निघेनात. एवढ्याशा काचेपायी सगळं इथेच संपणार?

"थांब वं. अशानं रुतंन काच." बाबा जवळ येऊन उकिडवे बसले. माझा हात हातात घेतला, कासारासारखा चेपला आणि एकेक बांगडी सोडवून टोपीत ठेवली. दोन वाढल्या, त्यांचे तुकडेही टोपीतच गेले. लहानपणानंतर त्यांनी माझा हात असा धरलाच नव्हता.

आत नुसती ऊब होती. मी डोळे मिटले. आवार, सर, कडुलिंबावरचे कावळे सगळं दूर गेलं, फक्त डॉक्टरांचा आवाज राहिला. "खाली ये. हलकेच." बोटांना पाण्याने भरलेली पिशवी लागली. हलकेच दाबली तर आतलं काहीतरी इवलंसं तरंगत दूर गेलं, आणि मग सावकाश परत येऊन माझ्या बोटांना टेकलं.

"परत आलं!" मी ओरडले.

"वासरू आहे ते," डॉक्टर म्हणाले.

"खरंच लागलं तुले?" बाबा पुढे झाले. "केवढं हाय?" मी डाव्या हाताची मूठ दाखवली. ते त्या मुठीकडे बघत राहिले.

परतीच्या गाडीत बाबा बांगड्यांची टोपी मांडीवर धरून बसले. काय ठरवलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाहेर बागा काळोखात बुडत गेल्या आणि मी उजवा हात शालीत गुंडाळून बसले, ती ऊब निघून जाऊ नये म्हणून.

नागपूर आता ओळखू येत नाही. त्या फेरीतलं माझ्याकडे काय उरलं विचाराल, तर ते इवलंसं टेकणं, आणि त्या संध्याकाळचा आमचा उंबरठा.

आईने दारातच माझे हात पाहिले. "अवं माय! हात मोकळे? काय झालं जी हे? उद्याच कासाराले बोलावतो, भरून घे बाप्पा."

बाबा पाय धूत होते.

"नोको भरू," ते म्हणाले. "इले आता रोजच उतरवा लागतीन."