काळजात दिलेली सुई

मला मेडिसिनच करायचं होतं. सत्तरच्या दशकात नागपुरात मुलगी डॉक्टर झाली की तिनं बाळंतपणं करावीत, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आमच्या युनिटचे सर तर तोंडावर म्हणाले होते, "हृदय बंद पडलं तर छाती दाबावी लागते. तुझ्या मनगटात तेवढा जोर आहे?"

"वेळ आली की बघा," मी म्हटलं. उद्धट म्हणून माझं नाव झालं. झालं तर झालं.

वेळ आली ती उन्हाळ्यातल्या एका सकाळी. ओपीडीच्या खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर शिपाई पाणी मारत होता. कन्हानची एक तरुण बाई सासूसोबत पायाची जखम दाखवायला आली होती. पाय सुजून लालभडक. आधी कातडीत थेंबभर टोचून टेस्ट घेतली, गांधी उठली नाही, म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. ती बाकावर जाऊन बसली आणि लगेच अंग खाजवायला लागली. ओठ सुजले. "जीव घाबरून राहिला वं मामीजी," असं सासूला म्हणाली आणि खाली घसरली.

मी धावले. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन, यात शंका नव्हती. दंडात अ‍ॅड्रिनलिन टोचलं. पण औषध पोचायला रक्त तर फिरायला हवं! मानेवर बोटं ठेवली. नाडी नाही. श्वासही नाही. तिथेच फरशीवर तिला उताणी करून मी छाती दाबू लागले. सिस्टरनं नाकातोंडावर मास्क धरला आणि हवेचा फुगा दाबायला घेतला.

सर आले. वाकून तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला.

"संपलंय. थांब आता."

"सर, हृदयात अ‍ॅड्रिनलिन देते."

"मेलेल्या बाईला टोचणार? नातेवाईक म्हणतील, सुई खुपसून मारली. तेव्हा मी तुझ्या बाजूनं उभा राहणार नाही."

"नका राहू."

हात मी थांबवले नव्हते. सिस्टरनं सिरिंजला लांब सुई लावून पुढे केली. ती पाहून सासू ओरडली, "इतकी मोठी सुई? काय करून राहिली वं बाई?"

"आई, तुमच्या सुनेचं काळीज थांबलंय. ते चालू करायला त्यातच औषध देते."

"मंग दे ना! कोनाले इचारून राहिली?"

छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, दोन बरगड्यांच्या मधून सुई आत घातली. दट्ट्या मागे ओढला, सिरिंजमध्ये रक्त आलं. औषध सोडलं, सुई काढली आणि पुन्हा दाबायला लागले. माझा घाम तिच्या पातळावर पडत होता. मग सिस्टर म्हणाली, "बाई, थांबा." तिची बोटं मानेवर होती. मीही बोटं ठेवली. नाडी लागत होती. वेडीवाकडी, पण लागत होती.

सर टॉर्च खिशात घालून निघून गेले.

दोन दिवसांनी आम्ही सरांबरोबर वॉर्डात राउंडला गेलो, तर ती उशीला टेकून बसलेली. "बाई, छाती लय दुखते. बरगडी मोडली म्हन्तेत. कोनं मोडली?"

"मी."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "तुमी? अंगावर तं मास नाही!" हसायला गेली आणि छाती धरून कळवळली. शेजारी सर उभे होते. मी त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं.

ती वाचली, त्याला सर नशीबच म्हणत राहिले. पुढं नरखेडकडच्या एका म्हाताऱ्या माणसाचं हृदय वॉर्डातच थांबलं. मी तेच केलं, तसंच केलं. नाडी परत आली नाही.

"पाहिलंस?" सर म्हणाले.

"पाहिलं. पुढच्या वेळी पुन्हा देईन."

मग मीच बाहेर जाऊन म्हाताऱ्याच्या मुलाला वडील गेल्याचं सांगितलं.