आयतवारच्या बैठकीतल्या कुसुमताई

कुसुमताईंचा चेहरा मी पहिलं दीड वर्ष पाहिलाच नव्हता. दर रविवारी सकाळी फोनमधून त्यांचा आवाज यायचा. आवाजामागे शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कुठंतरी लांब मोराची हाक, आणि मग एकच शब्द, "वाचा." मी मारुंजीतल्या भाड्याच्या खोलीत अंथरुणावरच बसलेला असायचो. खिडकीबाहेर अर्धवट बांधलेल्या इमारती धुक्यात तरंगत असायच्या आणि कानात तो संथ, खर्जातला आवाज. त्या सकाळी खरंच घडल्या की झोपेत ऐकल्या, असं अजूनही कधीकधी वाटतं.

प्रोग्रॅमरांचा हा ऑनलाइन गट ताईंनीच जमवला होता. त्याचं नाव 'आयतवारची बैठक'. आम्ही वीसेक जण असू. कुणी हिंजवडीतले, कुणी सांगलीचे, सलीम परभणीचा. दर आठवड्याला एकानं आपला कोड मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी वाद घालायचा. तो चालतो का, यावर नाही; तो लिहिलाय कसा, यावर. कॅमेरे बंद. "डोळ्यातनं चूक निसटती, तोंडातनं न्हाई निसटत," असं ताई म्हणायच्या. कोडमधल्या गोष्टींना कुणी आखूड, तुटक नावं दिली की त्या विचारायच्या, "ह्ये कोन? नाव असं ठिवावं, की हाक मारली की त्यानं 'ओ' द्यावी." मी एकदा चार कामं एकाच ओळीत कोंबून दाखवली. सगळ्यांनी वाहवा केली. ताई एवढंच म्हणाल्या, "मंदार, लई भारी. आता दम घे, आन् पुन्यांदा वाच." मला ती ओळ एका श्वासात वाचता येईना.

आम्ही मिळून एक छोटं अ‍ॅपही लिहीत होतो. पौडच्या स्टँडवरून कुठली एसटी कधी सुटते, ते सांगणारं. त्यावरूनच आमचं मोठं भांडण झालं. कोडमधल्या ओळी डावीकडून थोड्या आत सरकवून लिहाव्या लागतात. त्यासाठी एकदा टॅब दाबायचा की चार वेळा स्पेस, यावर प्रोग्रॅमर लोक वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत आलेत. ताई टॅबच्या बाजूच्या; मी आणि सलीम स्पेसवाले. तीन रविवार वाद चालला. शेवटी वैतागून एका दुपारी मी कुणाला न विचारता सगळा कोड स्पेसमध्ये बदलून टाकला.

त्यानंतर ताईंकडून अ‍ॅपमध्ये एकही नवी ओळ येईना. महिना गेला. मला आतून टोचायला लागलं आणि एका शनिवारी मी पत्ता विचारून बाइकवरून ताईंच्या गावी, नांद्याला गेलो.

त्यांच्या वहिनींनी दार उघडलं. "तुमी बैठकीतलं व्हय? ताई मागल्या पडवीत हायेत," म्हणाल्या. पडवीत ऊन उतरलं होतं. समोर भाताची खाचरं, त्यांच्या पलीकडे नव्या सोसायटीचे मनोरे. पन्नाशीच्या एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. पडदा काळा होता. त्या बाणाचं बटण दाबत पुढं सरकत होत्या आणि लॅपटॉप यंत्राच्या सपाट आवाजात बोलत होता, "स्पेस. स्पेस. स्पेस. स्पेस."

मी दारातच थांबलो. ताईंना दिसत नव्हतं. नोकरीत असतानाच नजर हळूहळू गेली आणि त्या माहेरी परतल्या, हे वहिनींनी नंतर सांगितलं.

"मंदार ना?" त्या म्हणाल्या. "श्वासावरनं वळाकलं. बस."

"ताई, सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिशी समदे टॅबवाले झालं असतं. मंग मी वाद कुनासंगं घालू?"

मी लगेच सगळं पूर्ववत करतो म्हणालो. त्यांनी हात वर केला. "पुन्यांदा इचारल्याबिगर? आयतवारी मांड. पटवून दे लोकास्नी. आन् माझ्या डोळ्याचं नाव काडायचं न्हाई."

त्या रविवारी मी उलट्या बाजूनं उभा राहिलो. "कुणी आपला कोड ऐकत असेल तर?" असं म्हणताच सगळे हसले. "कोड काय, भजन आहे का?" सलीम म्हणाला. मग मी आमच्या अ‍ॅपचं एक पान उघडलं आणि वाचू लागलो. अक्षर न् अक्षर. स्पेस, स्पेस, स्पेस, स्पेस. पुढची ओळ. स्पेस, स्पेस, आठ वेळा. पहिल्या दोन ओळींना हशा झाला. पाचव्या ओळीला हसू थांबलं. मी वाचतच राहिलो.

"ताई," कुणीतरी हळूच विचारलं, "तुम्ही कोड ऐकता का?"

फोनमध्ये नुसत्या शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "धा वर्सं झाली. आता कळलंच हाय, तर येक आयका. मत कोडाला द्या. मला नगं."

टॅब जिंकले. विरोधात एकच मत पडलं, सलीमचं. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला ऐकवणारं यंत्रच सुधारायला पाहिजे. सगळ्यांनी आपली सवय का बदलायची? मला अजून पटलेलं नाही."

आम्ही त्याच्यावर तुटून पडलो. ताईंनी आम्हाला गप्प केलं. "बोलू द्या त्याला. त्याचं म्हननं खोटं न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी बैठक चालवायचं सोडलं आणि ती सलीमच्या हाती दिली. मला लागलं. नांद्याला जाऊन मी विचारलंसुद्धा, "मी का नाही?"

"तू माझं आयकतुयास," त्या म्हणाल्या. "बैठकीला माझं न आयकनारा पायजे."

परतताना रस्ताभर मी रुसलेलो होतो. राग कधी गेला, ते आठवत नाही. आता ताई बैठकीत साध्या सभासद म्हणून येतात. मागच्या महिन्यात त्यांची वाचायची पाळी होती. त्यांनी वाचलं, आणि वाचून होताच सलीम म्हणाला, "ताई, हे तिसरं नाव साफ चुकलंय. काहीच कळत नाही."

फोनवर क्षणभर वारा ऐकू आला. आणि मग ताई हसल्या. खळखळून, पोटातून, इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं असं.

"व्हय रं," त्या म्हणाल्या, "चुकलंच की!"