घारीची लेक

अंजिराच्या कारखान्यात एक खोली दिवसाढवळ्या काळोखी ठेवावी लागते. सुकलेल्या अंजिरात बुरशीचं विष धरलं असेल तर उजेडात ते ओळखू येत नाही. जांभळ्या दिव्याखाली मात्र तेवढं फळ हिरवट-पिवळं चमकतं. पट्ट्यावरून अंजिरं सरकत राहतात आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका चमकणारं फळ उचलून डब्यात टाकतात. या खोलीत जिने एकतीस हंगाम काढले, तिला सगळे घार म्हणायचे. नजरच तशी होती. मुकादम गमतीने म्हणायचा, हिच्यासमोर अंजिराचीसुद्धा खोटं बोलायची छाती होत नाही.

नवरा लवकर गेला. एकुलत्या लेकीला तिने याच कमाईवर वाढवलं. लाड करायला सवड नव्हती, पण शाळेत सोडायला जाताना ती अंजिराच्या गोष्टी सांगायची. माणसाने धान्य पेरायच्याही आधी अंजिराच्या फांद्या रोवल्या, असं म्हणतात. मग बोटींत फांद्या घालून लोक देशोदेशी गेले. एका देशात झाडं चांगली तरारली, पण फळ पिकायच्या आतच गळायचं. खत बदलून झालं, पाणी बदलून झालं, फांद्या विकणाऱ्याला शिव्या देऊन झाल्या. पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला, की रानटी अंजिरात राहणारी चिलटाएवढी माशी मागेच राहिली होती, आणि परागकण पोचवायची तीच. लेक ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

मोठी झाल्यावर लेकही पट्ट्यावर आली. आईच्या शेजारीच, पट्टा पुढे जातो त्या बाजूला तिची जागा होती. पहिली दोन वर्षं तिचं काम चोख होतं. मग तिचा हात मागे पडायला लागला. तिच्या वाट्याची खराब अंजिरं सुटून पुढच्या बाईपर्यंत जायची. मुकादम कुरकुरला. एवढ्या वर्षांत घारीला कुणापुढे मान खाली घालावी लागली नव्हती. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अंगणात सगळ्या बायकांसमोर, तिचा तोल गेला.

"माझ्या पोटी ही आंधळी कुठून निपजली कोण जाणे," ती म्हणाली. "बसून खायची सवय लागलीय हिला."

दोघी-तिघी हसल्या. लेकीने डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, अंगावरचा एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि ती फाटकाबाहेर पडली. महिन्याभरात तिने तीन तासांवरच्या शहरात एका लॉन्ड्रीत काम धरलं. पुढे तिथेच लग्न केलं, आणि आईला ते दुसऱ्याकडून कळलं. येईल नाक घासत, असं घार म्हणत राहिली.

दोन हंगाम कसेबसे निभावले; तिसऱ्यात परदेशी गेलेला माल विष सापडलं म्हणून परत आला. मुकादमाने कुणाला काही न बोलता दहा खराब अंजिरं खूण करून घारीच्या पट्ट्यावर सोडली. तिने चार उचलली. दिवा मिणमिणतोय, ती म्हणाली. दिवा बदलला, तर तीनच उचलली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजलाय, आणि हे कालपरवाचं नाही, चार वर्षं तरी झाली असणार. इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

दवाखान्यात सोबत आली होती ती पट्ट्यावर समोर बसणारी मैत्रीण. बाहेरच्या बाकावर तिने घारीचा हात धरला.

"तुझी सुटलेली अंजिरं तुझी लेक उचलायची गं," ती म्हणाली. "दोघींचं काम एकटी करत होती. मला शपथ घातली होती तिने. म्हणायची, नजर सोडली तर आईकडे आहे काय?"

घारीने हात सोडवून घेतला आणि तिच्याकडे लेकीचा पत्ता मागितला.

रविवारी ती बसने लेकीकडे गेली. दार उघडलं तेव्हा लेकीच्या कडेवर वर्षाची मुलगी होती.

"बसा," लेक म्हणाली. "पाणी आणते."

बोलायला लागल्यापासून या पोरीने आईला 'तू' सोडून कधी काही म्हटलं नव्हतं.

घारीने पाण्याला हात लावला नाही. मला सगळं कळलं, चुकलं माझं, असं ती तुटक तुटक बोलली. लेकीने ऐकून घेतलं.

"राग नाही माझा," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलून झाल्यावर एकदा तरी माझ्याकडे बघाल, असं वाटलं होतं. फाटकापर्यंत वाटत होतं."

नातीला तिने घारीच्या मांडीवर दिलं. समोर बघितलं की घारीला मधोमध नुसता करडा डाग दिसायचा. नातीचं तोंड कडेच्या नजरेने तरी दिसावं म्हणून ती मान वाकडी करून भिंतीकडे बघायला लागली. पोर घाबरून रडलं, तसं लेकीने तिला परत घेतलं.

निघताना उंबऱ्यात घार म्हणाली, "मला तू म्हण ना गं."

लेकीने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "जमत नाही हो," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण ते घारीला दिसले नाहीत.

काळोखी खोली सुटली. आता घार अंगणात अंजिरं वाळत घालते, बोटांनी चाचपून उलटीपालटी करते. रविवारी फोन लावते. लेक उचलते, डोळ्यांत औषध घालता का विचारते, आणि दोन मिनिटांत कामाला लागते. घरी ये, असं म्हणायला घारीची जीभ अजून रेटत नाही.